काकूंचा बांध

गव्हाच्या कापणीचं अवाढव्य यंत्र काल शेजारच्या पार्वतीकाकूंच्या बांधाशी अडलं. शेत म्हणजे दहा गुंठ्यांची अरुंद पट्टी, यंत्राला वळायला जागाच नव्हती. ड्रायव्हर वरूनच ओरडला, "मावशी, बांध मोडा. असल्या तुकड्यात शेती परवडत नसते."

हे वाक्य मीही आयुष्यभर ऐकलंय आणि दर वेळी मुकाट मान डोलावलीय. काल मात्र मान हलेना. त्या बांधावर शेवगा होता, कढीपत्ता होता, शेळीपुरतं गवत होतं. वरून बघणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? त्याला नुसता गहू दिसतो.

काकू खुरपं पुसत म्हणाल्या, "शेत होतं तेवढंच आहे, बाबा. तुझं यंत्रच मोठं झालंय."

यंत्र रिव्हर्समध्येच गेलं.

आज सावडीला सात बायका आल्या. आज काकूंच्या शेतात, उद्या दुसरीच्या, अशी ही कामाची फेड कामानंच. दुपारपर्यंत गहू आडवा झाला. मग साऱ्याजणी बांधावर भाकरी आणि शेवग्याचं कालवण घेऊन बसल्या. मी नुसताच उभा होतो. काकू जराशा सरकल्या.

"बसा की. माणसं मावतात इथं."