दीवला जाताना पाणी सोबत न्यावं का?

टूरचा धंदा करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे बसमध्ये विसरलेल्या वस्तू, दुसरे किस्से. वस्तू न्यायला कधी ना कधी कुणीतरी येतं. किस्से परत मागायला अजून कुणी आलेलं नाही, म्हणून सांगतो.

दर मे महिन्यात मी जळगावहून एक बस दीवला नेतो. दीव म्हणजे गुजरातच्या पायथ्याशी पुलाने बांधून ठेवलेलं एवढंसं बेट. किल्ला, गुहा, नागवाचा किनारा आणि समुद्रातलं गंगेश्वर पाहिलं की पाहून झालं. ग्रुप बहुतेक तोच असतो, त्यामुळे मी आता गाइड कमी आणि घरचा माणूस जास्त झालोय.

माझी पहिली टिप असते, स्वेटर घ्या. नवीन माणूस हसतो. पण इकडची मे महिन्याची भट्टी सोडून आलेल्या माणसाला समुद्राचा वारा सोसत नाही. गेस्ट हाऊसचा पोऱ्या एकदा मला म्हणाला, "साहेब, बाकीचे टुरिस्ट एसी मागतात. तुमचे लोक पंखा बंद करा म्हणतात."

तेवढ्यात बोदवडचे आबा कानटोपी घालून बाहेर आले आणि त्यालाच विचारू लागले, "भाऊ, दुलई मिळेल का?"

आबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पाण्याबद्दल त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी नागवाच्या किनाऱ्यावर ओंजळभर समुद्र तोंडात घेतला, खळखळून थुंकला आणि सांगितलं, "आपली तापी."

मी म्हटलं, "आबा, तापी सुरतेकडे मिळते समुद्राला."

"मग? मिळाल्यावर ती काय तिथंच बसून राहते?"

तेव्हापासून मी माइकवर तापीचं नाव काढत नाही.

जामनेरचे शेठ केळीचे व्यापारी. त्यांना नायडाच्या गुहा दाखवल्या. वरून झिरपणारं ऊन, गार दगड, सगळी बस फोटो काढतेय. शेठ भिंतीला हात लावून बराच वेळ उभे. मला वाटलं, माणूस भारावला.

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "केळी पिकवायला एक नंबर जागा आहे. मालक कोण?"

दुसरी टिप भरती-ओहोटीची. गंगेश्वरच्या पिंडी खडकात, अगदी पाण्याच्या तोंडाशी आहेत. भरतीला लाटा त्यांच्यावरून जातात, म्हणून वेळ विचारूनच उतरायचं. मी हे बसमध्ये माइकवर सांगतो. एका शेतकऱ्याने विचारलं, "भरती रोज एकाच टायमाला येते का?"

"नाही, रोज बदलते."

"म्हणजे आमच्या पंपाच्या लाइटीसारखंच," तो म्हणाला आणि डोळे मिटून झोपला. इतकं चटकन हे कुणालाच समजलेलं नाही.

आता साक्रीच्या अक्का. त्यांच्यासाठी बसची डिकी अर्धी रिकामी ठेवावी लागते, कारण अक्का दीवला घरचं पाणी नेतात. कॅनच्या कॅन. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा.

कारण साधं आहे. अक्कांच्या लेकीचं, शोभाताईचं, सासर दीवला. आमचा मुक्काम असतो ते गेस्ट हाऊस तिच्या नवऱ्याचंच. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या गावचं पाणी प्यायचं नाही, ही अक्कांच्या घरची रीत. शोभाताईला मूल नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, आता होईल असंही कुणी म्हणत नाही. आईला एक कप चहा आपल्या हातचा द्यावा, एवढीच तिची इच्छा, आणि तीही ती बोलून दाखवत नाही.

शेठनी एकदा अक्कांना पेचात पकडलं. "अक्का, लेकीच्या घरी झोपता ते कसं चालतं?"

"झोप काय पोटमा जास का?" अक्का म्हणाल्या.

चहाचा प्रश्न मायलेकींनी वेगळाच सोडवला होता. अक्कांच्या हिशेबाने बेट म्हणजे गाव आणि पुलापाशी गावाची शीव. म्हणून रोज सकाळी दोघी रिक्षाने पूल ओलांडायच्या आणि पलीकडच्या टपरीवर उभ्या उभ्या चहा प्यायच्या. घरी एवढं मोठं स्वयंपाकघर, आणि ही बाई आईला चहा पाजायला गावाबाहेर नेते. मला ते बघून फार वाईट वाटायचं.

आबांनी तोडगा काढून पाहिला. "अक्का, शीव पुलापाशी कशाला धरता? समुद्र गावात मोजत नाहीत. त्यात तो आपल्या तापीचा. किनाऱ्यावर पाय पाण्यात घालून बसा आणि प्या चहा."

"आबा, दूध कुठलं? भांडं कोनं?" अक्कांनी विचारलं. आबांनी कानटोपी कानांवर ओढली. पाण्याच्या बाबतीत आबांना हरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

परतीच्या वाटेवर चेकपोस्ट लागतं. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, त्यामुळे बस तपासतात. तिथला हवालदार दरवर्षी अक्कांचे रिकामे कॅन एकेक करून हुंगतो. एवढे कॅन दीवहून निघतात आणि त्यात काहीच नसतं, हे त्याला पटतच नाही. मी त्याला एकदा सगळी रीत समजावून सांगितली. त्यानंतर तो जास्त बारकाईने हुंगू लागला.

मागच्या मे महिन्यात पहिल्याच दिवशी वाटेत टायर पंक्चर झालं आणि गंगेश्वरला पोचायला आम्हाला उशीर झाला. भरती लागलेली. मी सगळ्यांना पायऱ्यांवरच थांबवलं, पण अक्का बेल घेऊन खाली उतरल्याच. शोभाताई त्यांचा दंड धरून सोबत. अक्का वाकल्या, डोळे मिटले आणि मोठ्याने मागू लागल्या. काय मागत होत्या ते सगळ्या बसला पाठ होतं.

तेवढ्यात लाट आली. अक्कांचं तोंड उघडंच होतं.

लाट गेली तेव्हा अक्का खोकत होत्या. नाकातोंडात गेलं होतं आणि घोटभर पोटातही. शोभाताईचा चेहरा पांढरा पडला.

आबा वरून ओरडले, "अक्का, काही मोडलं नाही! समुद्र गावात धरत नाहीत. हे आपल्या तापीचंच पाणी, मी लिहून देतो."

अक्कांनी पदराने तोंड पुसलं. लेकीकडे बराच वेळ बघितलं.

"आबा, तुम्ही उगा ऱ्हा," त्या म्हणाल्या. "पोटमा गयं ते गयं. शोभा, घर चाल. च्या ठेव."

त्या चहात साखर दोनदा पडली. अक्कांनी तो संपवला आणि कप पुन्हा पुढे केला. रात्री भाताची पहिली वाढणीही शोभाताईनेच त्यांच्या पानात घातली.

परतताना चेकपोस्टवर हवालदाराने डिकी उघडली. कॅन जड लागले तसा त्याचा चेहरा उजळला. एक उघडला, हुंगला. दुसरा उघडला. सगळे उघडून झाल्यावर त्याने शेवटच्यातलं बोटाने चाखूनही पाहिलं.

"बा, आ तो पाणी छे," तो म्हणाला. "पाछुं केम लई जाओ छो?" आणलेलं पाणी परत का नेता, हे त्याला कळेना.

अक्कांनी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं.

"सरनं नई," त्या म्हणाल्या.