पाण्यावरची आगारी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या तापीकाठच्या गावात घरोघर लाल घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोरी ठेवायची, कैरी ठेवायची. मग गोवरीचे निखारे फुलवायचे आणि पुरणपोळीचा तुपाचा घास पितरांच्या नावानं त्यावर सोडायचा. याला आमच्याकडे आगारी म्हणतात. घरभर खरपूस धूर होतो आणि पितर जेवले असं सगळे समजतात. आमच्या घरी मात्र निखारा लागत नाही. शेजारच्या चार घरीही लागत नाही. आमची आगारी पाण्यावर सोडतात.

नवी सून आली की पहिल्या आखाजीला हमखास विचारते, "माय, निखारे का फुलवले नाहीत?" एक सून तर माझ्या माघारी म्हणाली होती म्हणे, की म्हातारी कंजूष आहे, गोवऱ्या वाचवते. मी तिला बरंच सुनावलं. मग जवळ बसवून सगळं सांगितलं, आणि ती माझ्याआधी रडायला लागली. माझा स्वभाव तापट, पण डोळेही लगेच भरतात. त्याला इलाज नाही.

माझा बाप विहिरी खोदायचा. तापीकाठच्या मातीत पाणी फार खोल लागतं आणि माती दगाबाज, वरून घट्ट दिसते नि खालून सुटते. तो आणि त्याचे सोबती पंचक्रोशीत नावाजलेले. आई त्याला खाली उतरायच्या आधी पोटभर पाणी पाजायची. विहिरीतल्या माणसाला तहान लागली हे वरच्याला कळत नाही, असं ती म्हणायची. बाप हसायचा. पाणी काढायला निघालेल्या माणसाला पाणी पाजतेस, म्हणायचा. पण प्यायचा.

सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजाराच्या त्या गर्दीत, एक मुकादम त्यांना भेटला. नागपूरच्या पलीकडे दगडी कोळशाच्या खाणी आहेत, म्हणाला, तिथं असे हात हवेत. आजीनं विरोध केला. बापानं आईला एवढंच सांगितलं.

"हिर ती हिर. फक्त आडवी खंदनी शे."

दोंडाईच्याला गाडीत बसून ते सगळे गेले. मी तेव्हा एवढीशी होते. बापाचा चेहरा मला धड आठवत नाही, खोटं कशाला बोलू. त्याच्या खांद्यावर बसल्यावर त्याचे कान दोन्ही हातांनी धरायचे, ते कान तेवढे आठवतात.

होळी होऊन गेल्यावर त्यांच्यातला एकच परत आला. बापाचा चुलतभाऊ, माझा काका. त्या दिवशी तापानं फणफणला होता म्हणून वरच झोपून राहिला, एवढंच त्याचं नशीब. त्यानं सांगितलं ते असं. खाली आग लागली. खाणीच्या तोंडातून धूर यायला लागला आणि तो थांबेचना. मग साहेबाच्या हुकमानं खाणीचं तोंड विटामातीनं बुजवलं, म्हणजे वारा बंद होऊन आग विझेल. माणसं आतच राहिली. काका बुजवणाऱ्यांच्या पाया पडला. त्यालाच दोघांनी धरून बाजूला नेलं.

अस्थी कुठून आणणार? त्यानं खाणीच्या तोंडाजवळचे कोळशाचे खडे उचलले, धोतराच्या सोग्यात बांधले आणि घरोघर एकेक दिला. आमच्या गावानं दगडी कोळसा कधी पाहिला नव्हता. काळा, जड, चमकणारा दगड. बाकीच्या घरांनी तापीत नेऊन सोडला. आईनं सोडला नाही. माणूस पाहिला नाही तर काय सोडू, म्हणाली. काका तेव्हापासून आमच्या दारात वर मान करून उभा राहिला नाही. त्याचा काय दोष होता, पण असतं माणसाचं असं.

महिना-दीड महिन्यानं आखाजी आली. आजीनं लेकाच्या नावानं घागर भरायला घेतली, निखारे फुलवले. तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. हा लेकाचा कोळसा आहे, तर लेकाची आगारी त्याच्याच निखाऱ्यावर व्हावी, असं त्या माउलीला वाटलं असणार. फडताळातला खडा काढून तिनं गोवरीच्या विस्तवात ठेवला. आई पाण्याची खेप घेऊन आत आली. धूर वेगळाच येत होता, कडवट. तिनं पाहिलं आणि उघड्या हातानं तो खडा विस्तवातून उचलला.

"एकदाव जळनात त्या, आत्याबाई. आखो जाळतस का?"

तोंडातून गेलं ते गेलं. त्यानंतर बाप जळाला असं आई जन्मात बोलली नाही. तळहाताची कातडी सोलून निघाली होती, पण खडा तिनं सोडला नाही. पाण्यात घातला तेव्हा चर्र आवाज झाला तो माझ्या कानात अजून आहे. आजी भिंतीला टेकून बसली आणि लहान पोरीसारखी घाबरून आईकडे बघत राहिली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पण त्या दिवसापासून आईनं घागरही बंद केली. घागर भरली म्हणजे माणूस गेला हे कबूल केलं. तोंड बुजवलं हे काकानं पाहिलं, पण आत कोण मेलं हे कुणी पाहिलं? दुसऱ्या वाटेनं निघाला असेल. विहिरी खोदणारा माणूस आहे, वाट काढेल. असं तिचं म्हणणं. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. गावाला बोलायला आयतंच मिळालं. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

आजीचं दुःख वेगळं. घागर भरल्याशिवाय पितराला पाणी मिळत नाही अशी तिची पक्की समजूत. लेक आगीत गेला आणि वर तहानलेला. दर आखाजीला ती आईच्या तोंडाकडे बघायची. आई पाठ फिरवून जात्यावर बसायची. दोघींत भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

अशा कितीतरी आखाज्या गेल्या. मी न्हातीधुती झाले. मग एका वर्षी उन्हाळा असा पेटला की आखाजीच्या झोक्याचे दोरसुद्धा हाताला भाजायचे. आजी अंथरुणाला खिळली होती. आखाजीच्या दिवशी सकाळपासून तिनं ओठाला पाणी लावलं नाही. आई वाटी घेऊन बसली, मी बसले, शेजारणी येऊन बसल्या. आजीनं तोंड फिरवलं.

"मन्हा लेकले तीस लागनी शे. तो पिई तवय मी पिसू."

दुपार कलली तशी तिची जीभ जड व्हायला लागली. आई उठली. कुंभारीण सकाळी ठेवून गेलेली घागर तशीच ओसरीवर होती. ती डोक्यावर घेऊन आई भर उन्हात नदीला गेली, अनवाणी. मी मागून पळत गेले. भरून आणली, आजीच्या डोळ्यांसमोर ठेवली. घागर डगमगायला लागली तेव्हा आईनं फडताळातला कोळशाचा खडा आणून तिच्या बुडाशी सरकवला. पोळीचा घास मोडला, तुपात बुडवला आणि घागरीतल्या पाण्यावर सोडला. निखारा नाही, धूर नाही.

"जित्ता व्हतीन ते पितीन, नही व्हतीन तरी पितीन. पानीले काय म्हाईत?"

आजीनं तोंड उघडलं. आईनं त्याच घागरीतलं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. पुढं दोन पावसाळे आजी जगली आणि सुखानं गेली.

नवी घागर पाझरते. तो पाझर खड्यावर उतरायचा आणि खडा बारा महिने ओला राहायचा. आईनं मग घागर कधी रिकामी होऊ दिली नाही. पुढच्या वर्षी खाणीत माणसं राहिलेल्या बाकीच्या घरच्या बायाही आल्या. त्यांचाही कधी निखाऱ्यांवर घास सोडायला हात धजला नव्हता, पण बोलायचं कुणी? त्यांनीही आगारी पाण्यावर सोडली. काकाही आला. त्या दिवशी आईनं त्याला हाताला धरून आत बसवलं आणि पहिलं ताट त्याला वाढलं.

मी एकुलती, म्हणून माझा नवरा इथंच घरजावई आला. आई गेली ती चैत्रात. शेवटच्या दुखण्यात घरात नुसती धावपळ, घागर कोरडी पडल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. बोलणं बंद झालेलं, पण तिची नजर सारखी त्या कोपऱ्यात. मी जाऊन खड्याला हात लावला तर तो उन्हाळ्यानं कोमट झालेला. पाणी आणलं, घागर भरली, खडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि थोड्या वेळानं तिच्या तळहातावर ठेवला. तोच हात, तोच भाजल्याचा डाग. तिची बोटं मिटली.

"गार शे," ती म्हणाली. ते तिचं शेवटचं बोलणं.

कुंकू लावून नेली तिला. मी कुणाचं ऐकलं नाही. चितेवर ठेवताना एक शहाणा म्हणाला, खडा हातात आहे तो राहू द्या, नवरा-बायको एकत्र जातील. मी पुरुषांच्या घोळक्यातून ओरडत पुढं गेले. बाया स्मशानात येत नाहीत, कळतं मला. मी आले होते. तिची बोटं एकेक करून उघडली आणि खडा काढून घेतला. माझा हात भाजला नाही, तेवढाच फरक.

आखाजीला मी दोन घागरी भरल्या, एक बापाची, एक तिची. खडा मधोमध ठेवला, म्हणजे दोन्हीकडून ओला राहील. दोन घास सोडले. आजही तसंच चालतं. आता सुना करतात, शेजारची पोरंसोरं येतात, त्यांचेही आजे-पणजे त्याच खाणीत राहिलेले. जाताना प्रत्येकजण खड्याला हात लावून बघतो, आणि मी दारातूनच विचारते, गार आहे ना?