बारीवरची तुंबडी

लोणखेड्याच्या चुडामण पाटलाला लोक तोंडावर अप्पा म्हणत आणि पाठ फिरली की पडशीवाला म्हणत. शेजारच्या गावी लग्नाला जायचं असलं तरी अप्पाच्या खांद्यावर पडशी असायचीच. तिच्या एका खिशात चकमक, कापूस, दाभण आणि सुतळी. दुसऱ्यात हळदीची पुडी, हिंगाचा खडा, गूळफुटाणे आणि मीठमोहरी. वर वीस हात दोर गुंडाळलेला. गावातला सुकलाल सुतार म्हणायचा, "अप्पा, मसणमा जाशी तवय भी पडशी लई जाशी का?" अप्पा हसायचा नाही. "येळ सांगीसन येस नही, सुकलाल," एवढं म्हणायचा आणि पुढं निघायचा.

वेळ सांगून येत नाही, हे त्याचं आयुष्यभराचं वाक्य. खरं तर माणूस वाईट नव्हता. घरची तीस एकर काळी जमीन, दोन जोड्या बैल, बायको कौसाबाई समजूतदार. रब्बीची पेरणी उरकली की त्याला घरी करमत नसे. सारंगखेड्याच्या जत्रेत घेतलेल्या दोन तट्टांवर मिठाच्या गोण्या लादायच्या, सातपुडा चढायचा, पाथरबारीची खिंड ओलांडून पलीकडच्या उंबरपाणी पाड्यावर उतरायचं आणि मीठ देऊन चारोळी नि डिंक घ्यायचा. वडिलांपासूनचा हा शिरस्ता. पाड्यावर गोवाल नावाचा त्याचा स्नेही होता. परतीच्या वाटेला गोवाल त्याला बारीपर्यंत पोचवायला यायचा, तट्टाची दोरी धरून, तोंडातून फारसा शब्द न काढता.

तीस सालाच्या आगेमागे, एका माघात, अप्पानं गोवालला नको म्हणून सांगितलं. "तू कसाले येस? वाट माले पाठ शे. आनि मन्हाकडे पडशी शे."

गोवालची बायको मोतीबाई अंगणात मका सोलत होती. ती म्हणाली, "येऊ दे त्याले, पाटील. डोंगर शे." ती दरवर्षी कापसाच्या वेचणीला शहाद्याच्या बाजूला उतरायची, त्यामुळे अहिराणी तिला घरच्यासारखी यायची.

"डोंगर मी बी दखेल शे," अप्पा म्हणाला, आणि एकटाच निघाला.

त्या वर्षी त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. घरी सहा वर्षांचा दोधू महिनाभर तापानं फणफणला होता. निघताना कौसाबाईनं डोळ्यांत पाणी आणून बजावलं होतं, "वाटमा कोठे उतारा दखायना ते वलांडू नका. पोऱ्यानी दशा दखी ऱ्हायनात ना?" नजर लागलेल्या, बाधा झालेल्या माणसावरून मिरच्या, कोळसा, धान्य असं काहीबाही उतरवून तिठ्यावर टाकायचं आणि जो ते ओलांडेल त्याच्या मागं ती पीडा लावून द्यायची, असला हा प्रकार. तापीकाठच्या गावांत उतारा दिसला की शहाणीसुरती माणसंही दहा पावलं लांबून जात. अप्पा तर वीस पावलं लांबून जायचा.

बारीच्या माथ्यावर मोहाचं एक जुनं झाड होतं. खोडात गुडघ्याएवढ्या उंचीवर ढोली होती आणि तिच्या तोंडावर चपटा दगड लावलेला. इतकी वर्षं अप्पा तिथं टेकला होता, पण गोवाल सोबत असल्यामुळं त्या दगडाकडं त्याचं लक्ष कधी गेलं नव्हतं. आज त्याला वाटलं, जेवण होईपर्यंत पडशी ढोलीत ठेवावी, तट्टं तोंड घालणार नाहीत. म्हणून त्यानं दगड सरकवला नि आत हात घातला.

हाताला लागली वाळक्या भोपळ्याची एक तुंबडी. गळ्याला लाल चिंधी बांधलेली. बूच काढून पाहतो तर आत कोळसे, सुक्या लाल मिरच्या, हळकुंड, मूठभर मका आणि तळाशी दोन काळे दगड.

 अप्पानं नुसतं पाहिलं नव्हतं, हातात धरलं होतं. घरी लेकरू आजारी आणि बापानं उतारा उचलला! तुंबडी त्यानं खाली टाकली, काठीनं ढकलत ढकलत कड्यापर्यंत नेली आणि दरीत लोटून दिली. ती खालच्या दगडांवर फुटल्याचा आवाज आला तेव्हा त्याला बरं वाटलं. मग पडशीतली मीठमोहरी काढून स्वतःवरून ओवाळून टाकली. बघा, पडशी कामी आली की नाही! आणि जाता जाता दुसऱ्या वाटसरूला त्या जागेची बाधा नको, म्हणून त्या भल्या माणसानं ढोलीच्या तोंडावर दगड होता तस्सा नीट लावून ठेवला.

घरी आला तर दोधूचा ताप उतरलेला. मग काय विचारता! महिनाभर अप्पानं ती गोष्ट पारावर रंगवून सांगितली. करणी कशी हाताशी आली, काठीनं कशी ढकलली, पडशीनं कसं वाचवलं. सुकलालसुद्धा त्या दिवसांत थट्टा करायचा थांबला होता.

फाल्गुनात तो पुन्हा उंबरपाणीला गेला. गोवालच्या अंगणात कुणी नव्हतं. पाड्याचा म्हातारा कारभारी भिला त्याच्याजवळ येऊन बसला आणि हळूहळू सांगू लागला.

अप्पा गेला त्यानंतर चौथ्या दिवशी गोवाल बारीखाली बांबू तोडायला गेला. घसरला आणि नडगी मोडली. त्याच दुपारी मावठं आलं. दोन दिवस दोन रात्री थंड पावसाची झड, वर बारीचं वारं. माणूस सरपटत सरपटत मोहापर्यंत चढला. का, तर तिथं तुंबडी असते हे त्याला ठाऊक होतं.

"कसानी तुंबडी?" अप्पानं विचारलं. 

भिला सांगत गेला. बारीवर अडकलेल्याची ती तुंबडी. आज्यापणज्यापासूनची. पाड्यातल्या एकेका घराची एकेक वर्ष पाळी, नवी तुंबडी भरून त्या घरच्या बाईनं ठेवायची. आतले काळे दगड म्हणजे चकमक. कोळसे ठिणगी धरायला. मका खायला. हळद जखमेला. मिरची कशाला, तर पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला चावायला द्यायची. तिखट लागली तर विष चढलेलं नाही असं समजायचं. आणि लाल चिंधी अशासाठी की ढोलीतल्या अंधारातही डोळ्याला दिसावी. ज्याला गरज पडेल त्यानं घ्यावं, आणि आठ दिवसांत परत भरून ठेवावं.

अप्पाच्या मांडीवर पडशी होती. तिच्यातही चकमक होती, तिच्यातही हळद होती. स्वतःच्या पडशीतली हळद औषधाची आणि दुसऱ्याच्या तुंबडीतली तीच हळद करणीची! ही अक्कल पाटलाला कुठल्या शाळेत मिळाली होती कोण जाणे.

"तिसरा दिवशी सापडना," भिला म्हणाला. "झाडले टेकीसन बठेल व्हता. हात ढोलीमा."

अप्पाला तिथल्या तिथं बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण भिला पुढं म्हणाला, "या साल पाळी त्यानाच घरनी व्हती. मोतीबाईनी. तो पडना त्याना आदला दिन मी बारीवरथीन उनू, तवय ढोलीवर दगड जसाना तसा व्हता. जनावर दगड लावत नही. आनि घेनारा मानूस भरानं इसरस नही, तीन पिढ्यामा कोनी इसरेल नही. म्हनजे तिनी भरीच नही. घरधनीले तिनीच मारं."

दगड जसाच्या तसा. तो कुणी लावला होता ते अप्पाला माहीत होतं. उघडलेलं तोंड त्यानं मिटलं.

त्या संध्याकाळी त्यानं मोतीबाईच्या ओट्यावर पायलीभर मीठ जास्त ओतलं आणि बदल्यात काही घेतलं नाही. तिनं त्याला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडं त्याला पाहवेना, म्हणून तो तट्टाच्या पाठीवरची गोणी उगाच सारखी करत बसला.

मग दरवर्षी तेच. सात वर्षं. तो यायचा, मीठ जास्त घालायचा आणि मोतीबाई पाड्यात सांगत फिरायची की पाटलासारखा माणूस नाही, माझ्या माणसाची आठवण ठेवतो. गावी पारावर कुणी म्हणालं, "अप्पा, ती करणीनी गोठ सांग," की तो अंगावर धावून जायचा. लोक चाट पडायचे. फक्त कौसाबाईला उमगलं होतं. एकदा भाकरी वाढताना तिनं विचारलं, "ती तुंबडी उतारा नव्हती ना?" तो ताटावरून उठून गेला. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण दर माघात मिठाच्या गोण्या भरताना एक गोणी ती आपणहून वेगळी काढून ठेवायची. चोरून पाप करावं तर बायकोलाही त्याचं ओझं उचलावं लागतं, याची त्याला फार लाज वाटे.

लाज वाटणं सोपं असतं. वाईट माणसालाही वाटते. बोलणं अवघड असतं.

आठव्या वर्षी मोतीबाईच्या अंगणात तो पाणी पीत बसला होता. ती चांगलीच वाळली होती. चुलीवर भांडं होतं, आणि ती उठून चुलीत लाकूड घातलंय का ते पाहून आली. बसली. पुन्हा उठून पाहून आली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा अप्पानं विचारलं, "काय दखस वं?"

"लाकूड घालं का नही ते." ती ओशाळून हसली. "मन्हा हातवर मन्हाच भरोसा नही ऱ्हायना, पाटील. तुमना गावमा इसरानं औशद मिळस का? मी तुंबडी भरेल व्हती असं माले वाटस. लाल चिंधीनी गाठ बी याद येस. मंग वाटस, ती पहिलानी साल व्हई. आखा लोक सांगतस का तू नही भरी, ते नहीच भरी व्हई ना? मगन मन्हा हातनं खात नही. सात वरीस व्हयनात. बायकोनं वाढं ते खास."

मगन म्हणजे तिचा मुलगा, त्याच अंगणाच्या कडेला वेगळी चूल मांडून राहणारा. बाप गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता.

अप्पाच्या हातातलं भांडं खाली गेलं. माणूस मारला हे एक झालं. ते अजाणता झालं म्हणून रात्री कूस बदलता येत होती. पण या बाईच्या डोक्यातली खरीखुरी गाठ त्यानं सात वर्षं रोज थोडी थोडी सोडवली होती, आणि ती जाणूनबुजून. तेही तिच्याच ओट्यावर बसून, तिचंच पाणी पीत.

"तू भरेल व्हती," तो म्हणाला.  "मी फेकी दिन्ही ती. माले उतारा वाटना. दगड बी मीच लावा."

मोतीबाई त्याच्यासमोर खाली बसली.  तिनं एवढंच विचारलं, "गाठ कशी व्हती?"

"दुहेरी. वर फासा."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले, पण त्याला काही ऐकू आलं नाही. मग ती ताडकन उठली. "माले नको सांगू. तेस्ले सांग."

तिनं स्वतः घरोघर फिरून पाडा गोळा केला. भिला आला, बाया आल्या, बांबू तासता तासता तसाच हातात कोयता घेऊन मगन आला. अप्पानं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. उभ्या आयुष्यात त्यानं ते परक्यापुढं काढलं नव्हतं. त्यानं सांगितलं. बोलताना मान वर होत नव्हती, शब्द छातीतच पडत होते.

"आखो एक डाव सांग," मोतीबाई म्हणाली. "मांगलास्ले ऐकू नही उनं."

त्यानं पुन्हा सांगितलं.

"आखो. भिला बहिरा व्हयेल शे."

तिसऱ्यांदा तो ओरडूनच बोलला. मोतीबाईनी तुंबडी भरेल व्हती. मी फेकी. सात वरीस माले मालूम व्हतं नि मी चूप बठनू. त्याचा आवाज चिरकला आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

कुणी त्याला गप्प केलं नाही. दंड काय, मार काय, सगळ्याला तो तयार होता. कोयता चालला असता तरी त्यानं हात वर केला नसता. पण भिलानं नुसती मान फिरवली, आणि इतरांनीही. मगननं कोयता ओट्याला टेकवून ठेवला. आईसमोर जाऊन उकिडवा बसला आणि आपल्या बोलीत, खाली बघत, भाकर मागितली.

 मोतीबाई आत गेली, आणि टोपली घेऊन बाहेर आली. मक्याची भाकर होती, सकाळची, कडक झालेली. तिनं ती मोडून त्याच्या हातावर ठेवली. मगन खाऊ लागला. गर्दीतल्या बाया डोळ्याला पदर लावू लागल्या, आणि मोतीबाई त्याच्या प्रत्येक घासाकडं बघत होती. त्या अंगणात चुडामण पाटील उघड्या डोक्यानं उभा होता. त्याला जा म्हणायचं किंवा बस म्हणायचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.