काळी पडलेली बाटली

गवंड्याच्या धाकटीच्या पायाला जन्मापासून भिंगरी, म्हणून गल्लीने तिचं नावच भिंगरी पाडलं. सकाळी पोरं जमवून तुंबलेली गटारं उपसायची आणि येता-जाता पाणीखात्याच्या नावाने खडे फोडायचे, हा तिचा उद्योग.

एकदा तिने तपासणीच्या बाटल्या आणल्या. पाण्यात मैला मिसळलेला असला, की त्या दोन दिवसांत काळ्या पडतात. तिने गल्लीतल्या सगळ्या नळांचं पाणी भरलं आणि उगाच आपलं म्हणून घरच्या माठातलंही. मग तिला दम निघेना. जेवताजेवता उठून ती बाटल्या उजेडात धरून बघायची.

तिसऱ्या दिवशी गटारावरून ती धावतच घरात आली. नळाच्या बाटल्या जशाच्या तशा होत्या. माठाची तेवढी काळीकुट्ट!

"आई, तू माठ घासतेस की नाही गं?" ती कडाडली.

"रोज घासते. दांड्याचं ओगराळंही टांगून ठेवलंय," आई शांतपणे म्हणाली. "पण बाईसाहेबांना धीर कुठला? आल्या, की बुडवला पेला बोटांसकट."

भिंगरीने हाताकडे पाहिलं. हातात पेला होता, अर्धा पिऊन झालेला, आणि नखांत गटाराचा गाळ.