ढगाळ दिवसांची बॅटरी

भाऊने, माझ्या थोरल्या भावाने, उभं आयुष्य अणुवीज केंद्रात काढलं. निवृत्त होऊन तो चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात राहायला आला, तेव्हा मी नुकतंच छतावर सोलर आणि बॅटरी बसवली होती. आईला ऑक्सिजनचं मशीन लागायचं आणि इथली वीज भरवशाची नव्हती.

आमचा वाद पहिल्याच जेवणात पेटला.

"अणुभट्टी बांधायला अफाट खर्च येतो, कबूल," भाऊ म्हणाला. "पण मग ती पिढीभर चालते. रात्री, पावसात, कधीही."

"बांधून होईपर्यंत वर्षानुवर्षं व्याज चढतं ते? पॅनेल तर स्वस्तच होत चाललेत."

"पॅनेल स्वस्त. बॅटरीसकट सांग. आणि एका रात्रीची नको, तीन ढगाळ दिवसांची बॅटरी धर. मग बोल."

श्रावणात वादळ झालं. केळी आडव्या झाल्या, विजेचे खांबही पडले. त्यानंतर सातपुड्यावरून ढग हललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी निम्म्याच्याही खाली होती. फ्रिज आणि पंखे आम्ही आधीच बंद केले होते. भाऊने मशीनला किती वीज लागते ते पाहिलं, मनात हिशेब केला आणि हळूच म्हणाला, "संध्याकाळ गाठणार नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर आण."

आईने ते ऐकलं. "मी ठीक शे," ती म्हणाली. एवढं बोलतानाही तिला धाप लागली.

रस्त्यावर निंबाचं झाड आडवं पडलं होतं. मी गाडी नाल्याच्या बाजूने वळवून नेली. चोपड्यात पहिल्या दुकानात सिलिंडर नव्हता, दुसऱ्यात मिळाला. परतताना फोन लावला तर भाऊ उचलेना.

घरी पोचले तर भिंतीला शिडी लावलेली. साठी ओलांडलेला भाऊ ओल्या छतावर गुडघे टेकून पॅनेलवरचा चिखल आणि केळीच्या पानांच्या चिंध्या पुसत होता.

"भाऊ, खाली ये!"

"ढगातही थोडी वीज येते. आत जा, मशीन चालू आहे का बघ."

मशीन चालू होतं. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता. मी आईची नळी सिलिंडरला जोडली. तिची धाप ओसरली, तोवर भाऊही खाली उतरून आत आला होता.

"तीन दिवसांची बॅटरी," शेवटी भाऊ म्हणाला. "सांगत होतो मी."

"तुझी भट्टी तर चालू होती ना? मग तिची वीज का नाही आली?"

त्याने खिडकीतून आडव्या खांबाकडे बोट दाखवलं. तारांचा खर्च आम्ही दोघांनीही धरला नव्हता.

वीज दुसऱ्या दिवशी आली. पुढच्या महिन्यात आम्ही आणखी एक बॅटरी घेतली. अर्धे पैसे भाऊने हट्टाने दिले आणि बिल पाहून म्हणाला, "महागच शे."