पुण्यस्मरणावरचे फुगे

पुण्यस्मरणाच्या बॅनरवर फुगे छापले गेले, ते माझ्यामुळं. लासूर स्टेशनच्या शाळेत चित्रकलेला ‘बरा’ शेरा मिळवून सिडकोतल्या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर झालेलो मी. बन्सीमामांना म्हणालो, “नवीन कशाला बनवता? वाढदिवसाची फाईल उघडा, फोटो बदला, मजकूर बदला.” फुगे फिक्कट पिवळे, मागं पांढरं. आमच्या म्हाताऱ्या स्क्रीनवर ते दिसलेच नाहीत. छापून आल्यावर मात्र गिऱ्हाइकाच्या वारलेल्या आजोबांच्या दोन्ही कानांशी टच्च उभे.

बन्सीमामा गंगापूरकडचे. उभं आयुष्य खांबावर चढून बॅनर बांधण्यात गेलं. मागच्या वर्षी पडले, गुडघ्यात सळई बसली. दुकानाचे मालक अतुलशेठ म्हणाले, “चढता येत नाय तर डिझाइन शिका. एक बॅनर एकट्यानं गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरवा, ठेवतो. नायतर माझा नाइलाज.” तो एक बॅनर म्हणजे हाच.

मग शिकवणी. मामा माउस असा धरायचे, जणू तो उडून जाईल. मी म्हणायचो, “सगळ्यात मोठं कोण, ते आधी ठरवा. सगळेच ओरडले तर कुणाचंच ऐकू येत नाय.”

“आमच्या घरासारखं म्हण की.”

फुग्यांनंतर शेठनं फुकटात दुसरा छापून द्यायचं कबूल केलं. मामा सकाळपासून पाणीही न पिता बसले. मधोमध आजोबा, खाली नाव, भोवती सगळं मोकळं. मलाच हेवा वाटला.

आजोबांचा नातू सत्यम बघायला आला. “ओ मामा, एवढी जागा वाया? आम्ही फुटावर पैसे दिलेत!”

“मोकळं हाय म्हणून आजोबा दिसायलेत, दादा.”

“आजोबा गेले. काका, मावसभाऊ जित्ते हायेत. त्यांचे फोटो नसले तर मला गावात कोण उभं करील?”

मी टेबलाखालून मामांच्या पायाला पाय लावला. टाका म्हणावं. मामा एकेक चेहरा बसवत गेले, आजोबा आक्रसत गेले. शेवटी एक मावसभाऊ उरला. तो बसवायचा तर आजोबा सगळ्यांत लहान होणार. मामांचा हात थांबला.

“दादा, पाया पडतो. एवढा एक राहू द्या. माझी खुर्ची हाय ह्याच्यावर.”

“शेजारच्या दुकानात घेतो करून,” म्हणत सत्यम दुकानाच्या पायऱ्या उतरलाच.

“अवो, बारका करायचा ना म्हाताऱ्याला!” मी ओरडलो.

“तूच म्हनला होता, मोठं कोण ते आधी ठरवा.”

एवढं शिकवलं, त्यातलं नेमकं हेच पक्कं बसलं होतं. अतुलशेठ आतून आले, मामांकडं बघितलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

निघताना मामांनी माझ्या हातात पेनड्राइव्ह दिला. “पुतण्याकडं जुना कॉम्प्युटर हाय. ह्यात मराठी फॉन्ट भरून दे. सराव करतो, कुणीतरी कामावर धरीलच की.”

पेनड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रिकामाच. परवा त्यांचा फोन आला होता. मी म्हणालो, “उद्या नक्की, मामा.”