बासरी, डबा आणि आमची पोर

आमची पोर चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांना दाखवलं. कान चांगले आहेत, घसा चांगला आहे, म्हणाले. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे आणत जा आणि धीर धरा. आमच्या अहेरीकडून तिथवर बसनं जायचं म्हणजे अर्धा दिवस लोखंडाच्या दगडांनी भरलेल्या ट्रकांच्या मागं धूळ खात बसायचं. मॅडमच्या दारात पोचेपर्यंत पोर गाढ झोपलेली असायची. मला तिच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं, बस्स. ‘आई’ म्हणाली असती तर सोनंच, पण माझा हट्ट तेवढाही नव्हता. तिनं मला शिवी दिली असती तरी मी गावभर पेढे वाटले असते.

माझा हा जीव घायकुतीला आलेला पाहून अंगणवाडीच्या बाईंनी मला एका ग्रुपमध्ये घातलं. संगीतानं मुलांवर उपचार करणाऱ्या पालकांचा ग्रुप. नावात ‘सूर’ होता, ‘परिवार’ होता आणि शेजारी मोरपिसाचं चित्र होतं. चालवणाऱ्या ताई पुण्याच्या. त्या डॉक्टर नव्हत्या, गायिकाही नव्हत्या; त्यांनी कुठलासा ऑनलाइन कोर्स केला होता. फोटोत त्यांच्या मागं तंबोरा उभा असायचा. तो कधी वाजल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

सोमवारी ताई एक फाइल पाठवायच्या आणि रविवारी प्रत्येकानं आपल्या मुलाचा व्हिडिओ टाकायचा. याला ‘प्रगतीचा रविवार’ म्हणत. कुणाचं मूल मान हलवायचं, कुणाचं पाय. एकाचं जांभई द्यायचं, तर त्यावरही ‘किती सुंदर शिथिल झालाय’ असं येऊन पडायचं. एकदा एका बाबांनी विचारलं, मुलगा दहाला उठतो, तर सकाळचा राग दहाला लावला तर चालेल का? त्यावर ग्रुपमध्ये रण माजलं. एक काका तर शास्त्राचा अपमान झाला म्हणून ग्रुप सोडून गेले आणि संध्याकाळी परत आले. मुलाला लवकर उठवा, एवढं मात्र कुणी म्हटलं नाही.

खरं सांगते, मला तो ग्रुप सोडवत नव्हता. आमच्या गावात पोरीच्या न बोलण्याचा विषय निघाला की कुणी ना कुणी मी गरोदरपणात ग्रहण पाहिल्याचं उकरून काढायचं. ग्रुपमध्ये निदान दोष माझ्यावर येत नव्हता, रागावर यायचा. एवढ्यासाठी मी सगळ्यांच्या जांभयांना टाळ्या दिल्या.

ताईंच्या सूचना मात्र वाचण्यासारख्या असायच्या. शांत खोली हवी. मंद प्रकाश हवा. सुती चटई हवी. आमच्या घरात खोली एकच, तीत सासऱ्यांचा खोकला, धान साठवायची ढोली आणि अंड्यावर बसलेली कोंबडी. त्यातून घरात रेंज नाही. फाइल उतरवायची तर पोरीला कडेवर घेऊन तलावाच्या पाळीवर जावं लागे. आमचं घर मासेमारीचं, त्यामुळे तलाव काही आम्हाला लांब नव्हता. सासूबाई म्हणायच्या, “गानं आयकाले पाळीवर जाते म्हने. आमी तं पाळीवर भांडेच घासत आलो.”

त्या आठवड्यात बासरीची फाइल आली होती. रविवार उजाडला तरी माझ्या फोनवर ती उतरली नव्हती. पडद्यावर आपलं चाक फिरतंय, फिरतंय. व्हिडिओ तर टाकायलाच हवा, म्हणून मी पाळीवर बसून कॅमेरा लावून ठेवला. समोर तलावाचं पाणी उतरलेलं. अशा वेळी आमची माणसं एका बाजूला जाळं लावतात आणि दुसऱ्या बाजूनं, डोंग्यातून आणि काठावरून, रिकामे डबे बडवत येतात. आवाजाला भिऊन मासा पळतो तो थेट जाळ्यात. त्या दिवशीही तेच चाललं होतं. माझा नवरा डोंग्यात उभा राहून तेलाचा डबा बडवत होता. पोरीनं एक दगड उचलला आणि शेजारच्या घमेल्यावर मारला. तिकडे डबे थांबले की ती थांबायची, सुरू झाले की ही सुरू. आणि अशाच एका थांबण्यात तिच्या गळ्यातून आवाज आला, “हूं.”

तेवढ्यात रेंज जराशी आली. मी व्हिडिओ तसाच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आवाज काढला!’

मग काय विचारता. टाळ्या, फुलं, रडणारे चेहरे. ताईंनी लिहिलं, ‘ही बासरीची किमया.’ मी प्रामाणिकपणे लिहिलं की बासरी वाजलीच नाही, फाइल उघडलीच नव्हती. जो आवाज ऐकू येतोय तो मासे हाकलायच्या डब्यांचा आहे. मग ताईंचं उत्तर आलं, ‘फाइल तुमच्या फोनमध्ये येतच होती ना, ताई? स्पंदनं आधी पोचतात.’ त्याखाली पुन्हा टाळ्या. रागाच्या वेळेवरून रुसून गेलेल्या काकांनी तर दोन्ही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आवाज मधाळ. “तुमच्या लेकीला आपण ऑनलाइन कार्यक्रमात सगळ्यांसमोर आणू या. पण ते डब्यांचं नका हं लिहू परत. एवढे पालक आशेनं बसलेत. आणि कर्कश आवाज असल्या मुलांना चालत नाही.” मी हो म्हटलं. माझ्या पोरीकडे इतकी माणसं कौतुकानं पाहणार होती. इतके दिवस तिच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरा मला ठाऊक होत्या.

इकडे घरात वेगळाच ताप चढला होता. पोरगी डब्यावर बोलली, ही बातमी सासूबाईंनी आठवडी बाजारात नेली. मग जो येईल तो डबा बडवू लागला. चुलत सासरे ओसरीत पाय ठेवायच्या आधी तांब्या वाजवायचे. शेजारीण परात घेऊन यायची आणि ती बडवता बडवता माझ्याच हातचा चहा प्यायची. “बोल वो माय, बोल,” म्हणत नवऱ्याचे दोस्त तिच्या कानाशी डबा धरायचे. पुणेकरांना मी हसत होते खरी, पण भात वाढायच्या आधी पळीनं पातेलं ठोकायला मीही शिकले होते. पुण्याची बासरी काय आणि आमचा डबा काय, दोन्हीकडे वैद्य तेवढे उदंड. पोर ढोलीमागं जाऊन बसू लागली. ‘हूं’सुद्धा बंद झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पोरीला नवा झगा घालून पाळीवर नेलं. नवरा पाण्यात जाळं सोडवत होता. ताई फोनच्या पडद्यावर आल्या, मागं तंबोरा. म्हणाल्या, “गडबड नको, म्हणून तुमचा सगळ्यांचा आवाज मी इकडून बंद करतेय. तुम्हाला आमचं ऐकू येईल.” मग त्यांनी बासरी लावली. त्या दिवशी रेंजही नेमकी चांगली होती, बासरी अगदी स्वच्छ वाजली. पोर ढिम्म. मान खाली. एवढी माणसं पाहतायत आणि ही काहीच करत नाही. मी सासूबाईंना डोळ्यांनी खुणावलं. त्या तयारच होत्या. फोनच्या मागं उभं राहून त्यांनी डबा सुरू केला, आणि माझ्याही हातात घमेलं आणि पळी होतीच. इकडून बासरी, तिकडून डबा, मधे घमेलं.

पोर उठली. तिनं माझ्या हातातली पळी धरली, घट्ट धरली, आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “नाई.”

स्पष्ट. मोठ्यानं. मोठ्या माणसानं म्हणावं तसं.

सासूबाईंचा डबा थांबला. फोनमधून ताई सांगत होत्या, “पाहा, पाहा, मुलगी कशी उभी राहिली. तिच्या ओठांची हालचाल पाहा. बासरी आत उतरतेय.” आमचा आवाज त्यांनी बंद केला होता, त्यामुळे पुण्यात काहीच पोचलं नाही. मी फोन बंद केला. पळी खाली ठेवली, घमेलं ठेवलं, आणि तिला पोटाशी धरून अशी रडले की सासूबाईही रडू लागल्या. पोर आमच्या दोघींच्या मधून वाट काढत पाण्याकडे निघाली.

तलावातून नवऱ्यानं ओरडून विचारलं, “काय झालं वो? रडून काऊन राह्यल्या?”

“बोलली!” मी ओरडले.

“काय बोलली?”

“नाई म्हनली.”

“कोनाले?”

“आपल्या साऱ्यायले.”